तीन बोटांचा ठसा

डोंगरातल्या वानरमानवाच्या मागावर असलेल्या पथकाचा नियम असा की नव्या सभासदाने आधी गुप्ततेच्या शपथपत्रावर सही करायची, मगच त्याला त्या प्राण्याच्या पावलाचा ठसा आणि चित्रफीत दाखवायची. वर्ना स्कोग्लुंडने सही केली. कॅस्केड पर्वताच्या उतारावर सकाळपासून पाऊस रिपरिपत होता. तंबूत ओल्या लोकरीचा आणि कॉफीचा वास कोंडला होता.

त्या वानरमानवावर, सॅस्क्वॉचवर, तिचा विश्वास नव्हता. तिला हवी होती ती दक्षिण उतारावरच्या फाटकाची किल्ली. लाकूड कंपनीने ती फक्त या पथकाला दिली होती. तीन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात तिचा भाऊ लायल अळंबी वेचायला गेला, तो परतलाच नाही. त्याचे बूट खिंडीच्या उत्तरेला, नदीवरच्या कड्याशी सापडले. म्हणून शोध उत्तरेलाच झाला, आणि सहाव्या दिवशी ‘बुडाला असावा’ असा शेरा मारून थांबला. उष्णता टिपणारा कॅमेरा त्या आठवड्यात प्रशासनाला उपलब्ध झाला नव्हता. इथे तसे चार होते. लायलची हाडं तरी आईशेजारी पुरावीत, एवढीच तिची इच्छा उरली होती.

“ये, वर्ना,” पथकाचे प्रमुख डेल प्रुइट म्हणाले. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी गाव त्यांना मास्तरच म्हणे. अर्ध्या गावाला त्यांनी जीवशास्त्र शिकवलं होतं, लायललाही. “माग काढणारं माणूस मिळालं. आता हा केंट स्वतःच्याच बुटांच्या मागावर फिरायचा थांबेल.”

“एकदाच झालं होतं ते, मास्तर,” कॅमेरे सांभाळणारा केंट कुरकुरला.

“दोनदा. दुसऱ्यांदा तर तू स्वतःला घेरलंही होतंस.”

पडदा उजळला. कोपऱ्यात तीन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरातली तारीख होती. काळ्या ओढ्याकाठी एक पांढरी आकृती चालत होती: डावा खांदा उचललेला, उजवा पाय फरफटत.

“चाल बघ,” मास्तर म्हणाले. “माणूस असा चालत नाही.”

अंगात त्राण असेतो चालत नाही, हे खरंच होतं. वर्नाने कॉफीचा पेला खाली ठेवला. झाड अंगावर आल्यापासून लायलचा खांदा तसाच राहिला होता.

आकृती थांबली, कॅमेऱ्याकडे वळली आणि तिने हात वर केला.

“हे धमकावणं. नराची खूण.”

“तुम्ही काय केलंत?”

“काही नाही. हस्तक्षेप करायचा नाही, हे आमचं पहिलं तत्त्व. दिवे मालवून ऐंशी पावलांवर बसून राहिलो. एकवीस मिनिटं. इतकं सुंदर काही मी आयुष्यात पाहिलं नाही.”

मग त्यांनी मखमली पेटीतून त्या रात्री बर्फावरून घेतलेला प्लास्टरचा ठसा काढला. डावं पाऊल, अनवाणी, बोटं तीन. “या खोऱ्यातला वेगळा वंश. चाळीस पानं लिहिलीत मी, तळटिपांसकट.”

वर्नाने करंगळीच्या जागची तिरकी कड चाचपली. “कुऱ्हाड आहे ही, मास्तर. शाळेमागे लाकडं फोडताना लागलेली. तुम्हीच त्याला गाडीत घालून दवाखान्यात नेलं होतंत.”

केंटने पडदा बंद केला.

“माणूस बर्फात अनवाणी कशाला चालेल?” मास्तरांचा आवाज अजूनही वर्गातलाच होता.

“गारठून मरणाऱ्याला शेवटी अंग भाजल्यासारखं वाटतं. तो बूट काढून टाकतो आणि भ्रमात दूर भरकटतो. हेही जीवशास्त्रच आहे. त्या आठवड्यात सगळं गाव त्याला शोधत होतं.”

“उत्तरेला शोधत होतं,” मास्तर म्हणाले, आणि आपण काय बोललो ते त्यांना बोलून झाल्यावर ऐकू आलं.

“जागा सांगा.”

त्यांची नजर शपथपत्राकडे गेली. “एकदा लोक तिथे शिरले की, वर्ना, सगळं...”

केंटने नकाशा उलगडला, मास्तरांकडे न पाहता पेन्सिलीने फुली मारली आणि तो तिच्या हाती दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटक मास्तरांनीच उघडलं. आत मात्र ते गेले नाहीत. ओढ्यापासून दोनशे दहा पावलांवर, उन्मळलेल्या देवदाराच्या पोटाशी, शेवाळाखाली तिला लायल सापडला. अळंब्यांची बादली शेजारी होती. ती बराच वेळ तिथे बसली. मग झाडांना खुणेच्या पट्ट्या बांधत परत आली.

मास्तर फाटकाशीच उभे होते, भिजलेले. “सापडला?”

“हो.”

“वर्ना, तो... हात वर करून धमकावत नव्हता, नाही का?”

तिने उरलेल्या पट्ट्या खिशात कोंबल्या.

“किल्ली कुलपातच राहू द्या,” ती म्हणाली. “दुपारी माणसं स्ट्रेचर घेऊन यायची आहेत.”