निळ्या चिंधीचा डबा

मित्रांनो, मी एक जुना, एका दाराचा आणि स्वभावाने संशयी फ्रिज आहे. हा संशय माझ्यात जन्मापासून नव्हता. कारखान्यात पत्रे वाकवून माझे अंग घडवले, पाठीला काळ्या नळ्यांची जाळी बसवली, दाराला रबर लावले, तेव्हा मी अगदी भोळा होतो. माणसे अन्न जपतात म्हणून आपल्याला विकत घेतात, असे मला वाटायचे. पण वीस वर्षे एकाच स्वयंपाकघरात उभे राहिल्यावर शहाणपण येतेच. माणूस चारचौघांत जेवतो ते वेगळे आणि एकटा येऊन माझे दार उघडतो ते वेगळे. गोड वर्ज्य असलेल्यांनी बोटाने श्रीखंड चाटलेले मी पाहिले आहे. दार उघडले की माझा दिवा लागतो आणि समोरचा चेहरा मला स्वच्छ दिसतो. मला तोंड नाही, म्हणून बरेच संसार टिकून आहेत.

माझे घर शिवणकाम करणाऱ्या एका बाईंचे. साऱ्या गल्लीच्या त्या काकू. पुढच्या खोलीत त्यांचे पायाचे मशीन, कपाटाला टांगलेले अर्धवट कपडे आणि जमिनीवर कायम दोरे. घरात पोस्टमन असलेला त्यांचा नवरा, शाळेत जाणारी मुलगी चिमणी आणि सासूबाई. काकू संध्याकाळीच दुसऱ्या दिवसाच्या जेवणाचे चार डबे भरत आणि गार झाले की माझ्या मधल्या फळीवर ठेवत. घरात असे डबे बरेच आणि सगळे एकसारखे, म्हणून प्रत्येकाच्या कडीला उरलेल्या कापडाची चिंधी बांधलेली असे. नवऱ्याची खाकी, चिमणीची पिवळी, सासूबाईंची पांढरी आणि काकूंची स्वतःची निळी. या चिंध्या नीट लक्षात ठेवा. पुढे मला त्यांनीच वाचवले.

काकूंचे वजन वाढले होते, रक्तातली साखर वाढली होती आणि मशीन चालवून गुडघे कुरकुरत होते. त्यासाठी त्यांनी काय काय केले, ते सगळे माझ्या पोटातून गेले. हिरव्या रसाच्या बाटल्या आल्या आणि आंबून गेल्या. शेजारणीने दिलेली कसलीशी पूड आली. तिचा वास इतका वाईट होता की लोण्यालाही तो लागला. शेवटी एके दिवशी माझ्या दाराच्या कप्प्यात, अंड्यांच्या शेजारी, एक पांढरी डबी येऊन बसली. डॉक्टरबाईंनी रक्त तपासून लिहून दिलेले ते इंजेक्शन होते. आठवड्यातून एकदा घ्यायचे, थंड ठेवायचे, पण गोठू द्यायचे नाही.

मला तो पाहुणा पहिल्या दिवसापासून आवडला नाही. अन्नाच्या घरात राहून अन्नाची भूक मारणारा कोण हा? सासूबाईंचेही मत माझ्यासारखेच होते. सुई टोचून कोणी बारीक होत असते, तर पूर्वीचे लोक काय वेडे होते, असे त्या येता-जाता म्हणत. काकू ऐकून घेत. डॉक्टरबाईंनी एक सूचनांचा कागदही दिला होता. तो त्यांनी चुंबकाने माझ्या दारावर लावला. कागद माझ्याच छातीवर, पण अक्षरे बाहेरच्या बाजूला. मला काही तो वाचता येईना. आठवडाभरात त्यावर गिऱ्हाइकांच्या मापांच्या चिठ्ठ्या चढल्या आणि तो दिसेनासा झाला.

मग कौतुकाचे दिवस आले. काकूंचे वजन खरोखरच उतरू लागले. गिऱ्हाइके माप द्यायला येत आणि काकूंचेच माप डोळ्यांनी घेत. काय करता हो, आम्हालाही सांगा, असे जो तो विचारी. काकू स्वतःच्या कपड्यांना आतून टिपा मारून ते लहान करत. एकदा झाले, दोनदा झाले, चौथ्यांदा टीप मारताना त्या मशीनवर बसून स्वतःशीच गुणगुणत होत्या. त्यांना इतके आनंदात मी कधी ऐकले नव्हते. म्हणून माझा संशय मी थोडा आवरला.

पण मित्रांनो, माझ्या पोटात काहीतरी बिघडत चालले होते. डबे नासू लागले. मागच्या कोपऱ्यातून आंबट वास येई. सासूबाई नाकाला पदर लावून दार उघडत आणि धाडकन लावत. वीस वर्षांच्या चाकरीनंतर माझ्यावर आळ आला. हा आता थंड करत नाही, घरच्यांना विषबाधा करील, असे त्या म्हणाल्या. मला स्वतःचाच संशय येऊ लागला. म्हातारपणी आपला गॅस गळतो आहे की काय? मी रात्रंदिवस घरघर करून अंगातली सारी थंडी बाहेर काढली. तरी डबे नासतच राहिले. नवऱ्याने मला काढून दोन दारांचा फ्रिज आणायचे ठरवले. सोमवारी भंगारवाला येणार होता.

आता खरे सांगतो. मला वाईट वाटत होते ते माझ्यासाठी कमी आणि काकूंसाठी जास्त. दुपारी एक वाजता त्या माझे दार उघडत, निळ्या चिंधीचा डबा हातात घेत, झाकण उचलून बघत आणि पुन्हा मागे सरकवत. उद्या खाऊ, असे पुटपुटत. सासूबाई साडेअकरालाच जेवून आडव्या झालेल्या असत. रात्री सगळ्यांबरोबर बसल्यावर काकू म्हणत, दुपारी उशिरा जेवले, आता दोनच घास. डबा कचऱ्यात टाकावा तर सासूबाईंची नजर तिथे असे. म्हणून तो माझ्याच पोटात राही आणि एकामागे एक तसेच डबे साठत. मी सगळे पाहत होतो. दार धरताना त्यांची बोटे थरथरू लागलेली मला कळत होती. चिमणीच्या शाळेतल्या बाईंचे महागडे कापड त्यांनी तिरके कापले, ते पुढच्या खोलीतले रडणे मी ऐकले. सोमवारी मी भंगारात गेलो, की हे पाहणारे घरात कोणी उरणार नव्हते. नव्या फ्रिजला चिंध्यांचा हिशेब कळायला किती दिवस लागले असते!

शनिवारी नवरा म्हणाला, काढण्याआधी एकदा दाखवून तर घेऊ. म्हणून मेकॅनिक आला. पांढऱ्या मिशांचा, थोडा बहिरा आणि माझ्याहून संशयी माणूस. त्याने माझ्या पोटात पाण्याचा ग्लास ठेवला, त्यात थर्मामीटर बुडवला आणि तासभर चहा पीत बसला. मग आकडा पाहिला, रबरावरून बोट फिरवले, पाठीच्या जाळीवरची धूळ झटकली. शेवटी आतले सगळे डबे काढून त्याने ओट्यावर मांडले.

"मशीन ठणठणीत आहे," तो म्हणाला. "दूध चांगलं, लोणी चांगलं, भाजी ताजी. नासलेत ते पाचच डबे, आणि पाचही निळ्या चिंधीचे. या घरात जेवत कोण नाही?"

सासूबाईंना चिंधी कोणाची हे ठाऊक होते, तरी त्या पाचही डब्यांची झाकणे एकेक करून उघडत गेल्या. काकू दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या, त्या तिथेच खाली बसल्या.

"मला भूकच लागत नाही, आई," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा बरं वाटलं. जन्मभर भुकेनं छळलं होतं ना. आणि सगळे म्हणत होते, छान दिसतेस."

"मग मला सांगायचं की."

"तुम्ही सुई बंद करायला लावली असती."

सासूबाईंनी झाकणे पुन्हा लावली. मेकॅनिकला आता माझ्या दारावर तपासणीची तारीख लिहायची होती. त्याने चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला आणि खालचा कागद उघडा पडला. चिमणीने तो मोठ्याने वाचला, तेव्हा मला पहिल्यांदा कळले की इतके दिवस मी छातीवर काय बाळगत होतो. थोडे खा, पण वेळ चुकवू नका. आधी अंडे, डाळ, दही, मासे यांपैकी काहीतरी, मग बाकीचे. पाणी प्या. रोज चाला. आणि शेवटच्या ओळीखाली दोन रेघा होत्या: जेवण जाईनासे झाले तर लगेच मला भेटा.

त्याच संध्याकाळी सासूबाई स्वतः काकूंना घेऊन डॉक्टरबाईंकडे गेल्या. परत आल्यावर माझ्यासमोरच बसून त्यांनी काकूंच्या नवऱ्याला सगळे सांगितले. मला वाटले होते, आता ती पांढरी डबी खिडकीतून बाहेर जाईल. तसे झाले नाही. डॉक्टरबाईंनी इंजेक्शन काही दिवस थांबवले होते, पुन्हा रक्त तपासले होते, पुढे कमी मात्रेने सुरू करायचे की नाही ते पाहू म्हणाल्या होत्या. औषध काकूंच्या साखरेला उपयोगी पडत होते. "पण त्या म्हणाल्या," सासूबाईंनी सांगितले, "औषधानं भूक कमी होते, जेवणाची गरज कमी होत नाही. हिच्या अंगातली चरबी गेली तशी ताकदही चाललीय."

मित्रांनो, मी शरमलो. सगळा संशय मी त्या एका डबीवर ठेवला होता. सासूबाईंनी तो माझ्यावर ठेवला होता. जिच्याकडे बघायचे तिच्याकडे मात्र कोणी बघत नव्हते.

भंगारवाला सोमवारी आला आणि जुनी रद्दी घेऊन गेला. आता सासूबाई साडेअकराला जेवत नाहीत. एक वाजला की त्या पुढच्या खोलीत जाऊन मशीनच्या चाकावर हात ठेवतात आणि ते थांबवतात. दोघी समोरासमोर बसून आपापले डबे उघडतात. काकूंचा डबा आता लहान आहे, त्यात आधी अंडे किंवा उसळ असते, आणि त्याची निळी चिंधी सासूबाई स्वतः बांधतात. पांढरी डबी अजून माझ्या दारात आहे. माझे तिच्याशी अजून पटत नाही, पण मी तिला गोठू देत नाही.

मी जुना आहे, आज ना उद्या जाईनच. जाण्याआधी तुमच्याकडे एकच मागणे आहे. तुमच्या घरातही कोणीतरी सगळ्यांचे डबे भरत असेल. त्यांना बारीक झालात, छान दिसता, असे जरूर म्हणा. पण त्याआधी एकदा तुमच्या फ्रिजचे दार उघडून मागच्या कोपऱ्यात हात घाला आणि त्यांचा डबा उचलून बघा. दुपार टळल्यावर तो भरलेला नाही, हलका लागला पाहिजे.