बांधावरचा पाला अन् पांढरे उंदीर

माझ्या दोन्ही डोळ्यांची शपथ, ह्यातला शब्दन् शब्द खरा हाय. खोटं असंल तर आत्ताच्या आत्ता माझी वाचा जाऊ द्या. मग अख्ख्या करमाड गावाची करमणूक बंद, ते तुमचं तुम्ही बघा.

आमच्या बांधावर एक झुडूप हाय. नाव सांगत नाय. मोठ्या नातीनं, विशाखानं, दम भरलाय की लोक उकळून पितील. माझी शेळी एकदा त्याचा पाला खाऊन अशी झोपली की जालन्याची वरात तिच्या अंगावरून गेली, बँडसकट, तरी कान हलला नाय. विशाखा शहरात औषधाच्या कॉलेजात शिकती. ती हसली, पण पाला तेवढा पिशवीत भरून नेला.

कारण धाकटी, अमृता. तिला फिट येती. शेंद्र्याला कंपनीत कामाला व्हती, मशीनजवळ पडली, तवापासून घरी. गोळ्या चालू हायेत, तरी पडती. मग तिचा समदा जीव त्या पाल्यात. तोडायचा, गच्चीवर सावलीत वाळवायचा, कुटायचा, समदं तीच करी. ह्याचा गुण आला की मी पुन्हा कामावर जाणार, म्हणायची.

कॉलेजात त्याचा अर्क काढला, डांबरासारखा काळा. तो पांढऱ्या उंदरांना पाजायचा, अन् वरून फिट आणायची सुई टोचायची. अर्कानं फिट अडवली तर जिंकलो. तिथं बाहेरच्यांना सोडत नायत. पण अमृतानं बघायचंच म्हणून हट्ट धरला, अन् मी सरांपुढं असा गळा काढला की त्यांनीच मला पाणी दिलं अन् आम्हा दोघींना आत सोडलं.

आधी नुसतं पाणी पाजलेला उंदीर. सुई टोचली. जरा वेळानं त्याचं अंग ताठ झालं, मान मागं गेली, पाय झाडायला लागला. मग आपल्या पाल्याचा. तोबी तसाच. त्याच्या पुढचाबी तसाच. विशाखानं हातातलं वेळ मोजायचं घड्याळ बंद केलं अन् पाठ फिरवून उभी राहिली. मागच्या खेपेलाबी असंच झालं व्हतं, म्हणाली, घरी सांगायचा धीर झाला नाय.

मी अमृताकडं बघितलं. तिचं ताईकडं ध्यानच नव्हतं. ती पिंजऱ्यावर वाकली व्हती. आम्ही घरच्यांनी तिची फिट कितीदा बघितली, पण तिनं कधी बघितली व्हती? तिला शुद्धच नसती.

"आजी, मी अशीच दिसते का?"

जन्मात मला थापेची वाण पडली नाय. त्या टायमालाबी नाय.

"नाय गं माय," मी म्हणलं. "तू पडतीस ना, तवा भुईच वर येती तुला झेलायला. लेकरू पाळण्यात घालावं तशी घेती. मी बघितलंय."

"मग कपाळाला टाके कसे पडले?"

"भुईची नखं लई वाढलेली असत्यात."

अमृता हसली. काळी-पिवळी जीपमधी बसून आम्ही गावाकडं आलो. घरी आल्या आल्या ती गच्चीवर गेली अन् वाळत घातलेला समदा पाला झाडून उकिरड्यावर टाकून आली.

समदं खरं हाय. एकच तेवढं पदरचं घातलं. अमृता हसली म्हणलं ना मी, ती हसली नव्हती.