फ्लॉपीवरचं कुंकू

पितांबरला अलीकडे कंटाळ्याचाही कंटाळा आला होता. धुळ्यात त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. जुन्या मोठ्या फ्लॉप्या वाचणारं यंत्र फक्त त्याच्याकडे उरलेलं, म्हणून सत्त्याण्णव सालीही गावभरचा मेलेला माल त्याच्याच गळ्यात पडायचा.

त्या दुपारी प्रमिलाबाई आल्या, खेड्यातून, एसटीनं. त्यांचे यजमान चुडामण सर शाळेत गणित शिकवायचे आणि शाळा सुटल्यावर तिथल्या कॉम्प्युटरला अहिराणीत बोलायला शिकवत बसायचे. घरी यायला रोज उशीर. सर जाऊन तीन वर्षं झाली होती, शाळेनं कॉम्प्युटर भंगारात काढला होता. उरली ही एकच फ्लॉपी.

"भाऊ, तठे रोज काय करेत, ते माले एकडाव दखाडी दे."

पितांबरनं फ्लॉपी पाहिली आणि कपाळाला हात लावला. सरांचं हत्यार म्हणून बाईंनी दर दसऱ्याला तिची पूजा केली होती. कुंकवाचं बोट नेमकं टेकलेलं ते चकतीच्या उघड्या फटीवर. अशीच घातली तर फ्लॉपी जाईल आणि यंत्रही. धुतली तर कदाचित वाचेल, नाहीतर आहे तेही जाईल.

"कुंकू पुसावं लागेल," तो म्हणाला. मग त्याला बाईंचं मोकळं कपाळ दिसलं आणि स्वतःच्या जिभेचा राग आला.

बाईंनी कपाळावरून बोट फिरवलं. "पुस भाऊ. मनं त पुसायेलच शे."

त्यानं ब्लेडनं वेष्टन कापलं, चकती वाडग्यातल्या पाण्यात हलक्या हातानं धुतली. पाणी लाल झालं. पंख्याखाली वाळवून ती दुसऱ्या वेष्टनात सरकवली. तीनदा यंत्र नुसतं घरघरलं. चौथ्यांदा पडद्यावर इंग्रजी अक्षरांत अहिराणीची एक ओळ उमटली. बाईंना ती अक्षरं येत नव्हती, त्यानं वाचून दाखवली.

"जेवण हुयनं का?"

बाई पडद्याकडे बघत राहिल्या. सर येईपर्यंत त्या कधी जेवत नसत. "हो म्हणू का?" पितांबरनं विचारलं.

"नही म्हन. सकायपशी काहीच खायेल नही मी."

त्यानं 'नही' टाइप केलं. खाली दुसरी ओळ आली. पितांबरनं तीही वाचून दाखवली.

"थांब. मी उनूच."

बाईंनी पदर सावरला आणि 'आलोच' म्हणणाऱ्या सरांची वाट बघायला स्टूल पडद्याजवळ ओढून घेतलं.