पाटीखालची रिकामी जागा

"मालक बदलले की रंग माझ्याच बोकांडी," सांडू पेंटर ब्रश झटकत पुटपुटला. "इंजिनाला बिचाऱ्याला कोणी पुसतं का, बाबा, तुला कोणता रंग आवडतो?"

शेजारी पाटीचा मजकूर घेऊन उभ्या असलेल्या रत्नमालाला हसू आलं, पण ओठांपर्यंत पोचलं नाही.

चितेगावच्या या कारखान्यात बनलेलं पहिलं इंजिन फाटकापाशी उभं होतं. मालगाडीचे डबे इकडून तिकडं ढकलणारं, ठेंगणं. दोन भागीदारांनी डब्यांचे ब्रेक बनवता बनवता हौसेनं ते उभारलं, तेव्हा पिवळं होतं. भागीदार भांडले, पुण्याच्या शेठनं कारखाना घेतला, इंजिन निळं झालं. मग परदेशी कंपनी आली, हिरवं. आता हे नवे मालक, करडं. शेजारच्या पाटीवर प्रत्येक मालकाची एक ओळ, आणि खाली सांडू नेहमी एका ओळीची जागा सोडायचा. "पुढच्या धन्याला," म्हणायचा, अन् सगळे खिदळायचे.

उद्या खंडेनवमी. दरवर्षी इंजिनाला हार घालायचे, ते चालू करून एकदा शिट्टी वाजवायचे, मग पेढे. यंदा शिट्टी नको, असं वरून आलं होतं. बॅटरी उतरली असंल, कोणी म्हणालं. डिझेल नसंल, दुसऱ्यानं पुरवणी जोडली. पुढं कोणी काही विचारलं नाही.

रत्नमाला इथं ऑफिसात आणि तिचा नवरा राजकुमार इंजिन खात्यात फिटर. शेंद्र्याच्या एका पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यानं त्याला नोकरीला बोलावलं होतं. आज संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. सकाळपासून त्याचं एकच पालुपद, "मी इंजिनवाला माणूस. तिथं जाऊन काय डब्यांना झाकणं लावू?" नवे मालक इंजिन खातं ठेवणार की नाही, एवढं कोणी सांगितलं असतं तर तिचा जीव भांड्यात पडला असता.

तेवढ्यात कारखान्याचे मोठे साहेब, साहेबराव, आले. पाटीकडं बघून थबकले.

"खाली हे रिकामं कशाला? वेलबुट्टी काढ तिथं."

"जागा सोडायची रीत हाय साहेब."

"बोडकं दिसतंय. काढ."

रत्नमाला पुढं झाली. "साहेब, इंजिन खात्याचं..."

"हार सांगितले का, मॅडम?"

"सांगितले. पण खातं..."

"झेंडूचेच सांगा. शेवंती लगेच मान टाकते," असं म्हणत साहेबराव इंजिनाच्या चाकाकडंच बघत राहिले. चाकाला काही झालं नव्हतं.

जेवणाचा भोंगा झाला. माणसं बाहेर आली, पाटीभोवती जमली. सांडूनं वेलीचं पहिलं पान काढलं, दुसरं काढलं.

"लई झ्याक," एकजण म्हणाला.

"पेढे गुलमंडीहून आणा औंदा," दुसरा म्हणाला.

राजकुमार हात पुसत येऊन उभा राहिला. वेल रिकाम्या जागेत सरकत होती, ती बघत राहिला. रत्नमालानं त्याच्याकडं बघायचं टाळलं. ठरवायचं त्यानं, आपण बोलायचं नाही, अशी तिनं मनाशी खूणगाठ बांधली होती. त्याच्या हातात वीस वर्षं इंजिनंच होती.

त्यानं खिशातला फोन काढून तिच्या हातात दिला.

"शेंद्र्याचा नंबर लाव," तो म्हणाला. मग साहेबरावांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात, पण सांडूकडं बघून, "भाऊ, वेल पार टोकापर्यंत ने. शिट्टी बी नको, पुढच्या धन्याची जागा बी नको. इथं आता इंजिन बनणार नाय."