कोठारामागचा भोपळा

मित्रांनो, मी अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या एका छोट्या बियाणे कंपनीचा जुना संगणक आहे. गोष्ट मला नीट सांगता येते की नाही, कोण जाणे. पण माझ्या पडद्याच्या कडेला चिकटवलेलं, उत्तराची वाट पाहणारं ते पत्र मी विसरलेलो नाही.

नवा होतो तेव्हा माझा केवढा मान! मालकीण एनिडबाई माझा पासवर्ड नवऱ्यालाही सांगत नसत. इकडे जत्रेत राक्षसी भोपळ्यांची चुरस असते. कोणी कुठलं बी लावलं, हे सख्ख्या भावालाही कळू देत नाहीत. ती सारी गुपितं माझ्या पोटात. लोक म्हणत, यांच्याकडे तोंड उघडायला हरकत नाही.

मग बाईंनी योजना काढली. मित्राचं नाव-पत्ता कळवा, बियांची पुडी फुकट मिळवा. लोकांनी भरभरून कळवलं, न विचारलेलंसुद्धा. एका बाईंनी मायेनं लिहिलं की, शेजारचे आजोबा कोठारामागे गुपचूप भोपळा वाढवतात, पण गुडघा फार दुखतो त्यांचा. मी इमानानं सगळं साठवलं. आजोबांना उघडं कार्ड गेलं : ‘तुमच्या कोठारामागच्या भोपळ्यासाठी आणि दुखऱ्या गुडघ्यासाठी!’ वाटेत ते गावानं वाचलं.

आजोबांचं पत्र आलं, तेच माझ्या कडेला चिकटलेलं. ‘मी तुमच्याकडून कधी एक बी घेतलं नाही. माझा गुडघा तुम्हाला कोणी दाखवला? तुमच्याकडे गुपित टिकत नाही, हे आता जत्रेत सगळ्यांना सांगतो.’

जत्रेतल्या गिऱ्हाइकांवरच आमची चूल पेटायची. एनिडबाई रोज लिहायला बसत, ‘आमच्याकडून काहीही फुटलेलं नाही’ एवढं लिहीत आणि खोडत.

शेवटी त्यांचा नवरा रॉस्को म्हणाला, “मागच्या दाराला कुलपावर कुलूप घातलंस, एनिड. पुढच्या दारानं कोणी शेजाऱ्याचा गुडघा घेऊन आलं, तर त्याला खुर्ची दिलीस.”

“मग आधी का नाही बोललास रे?”

“मला विचारलंस कुठे? त्या म्हाताऱ्यालाही नाही विचारलंस.”

बाई हसल्या आणि कामाला लागल्या. योजना बंद झाली. दुसऱ्यांनी परस्पर कळवलेली माणसं माझ्या पोटातून पुसली. आता गिऱ्हाइकाला एक जास्तीचं कार्ड मिळतं. ते त्यानं मित्राला द्यायचं, वाटलं तर मित्र आपणहून लिहील.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ कोणीही झटकेल. तुम्ही फक्त दुसऱ्याचं काही मला सांगण्याआधी त्याला एकदा विचारा.

आजोबांचं नाव मात्र मला विचारू नका. ते खरंच आठवत नाही. म्हणून तर त्यांच्याच पाकिटावरचा पत्ता बाईंनी हातानं उतरवला, खाली ‘चूक आमची’ असं लिहिलेलं उत्तर आत घातलं आणि रॉस्कोनं ते टपालपेटीत टाकलं.