माझ्या चक्रावरचा परका आकडा

मी एक जुना रिव्हॉल्व्हर. दचकू नका, माझ्या पोटात गोळी नाही आणि आता कधी असणारही नाही. निवांत बसलोय, म्हणून म्हटलं आपली हकीकत सांगून टाकावी.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक बाकावर झाला. त्या काळी आमचे भाग हाताने घासून एकमेकांत बसवत. गोळ्यांचं फिरतं चक्र ज्या सांगाड्यासाठी घासलं, त्यातच ते नीट फिरायचं. दुसऱ्यात घातलं की अडलंच म्हणून समजा. त्यांची ताटातूट होऊ नये म्हणून प्रत्येक भागावर एकच क्रमांक ठोकत. माझा क्रमांक ठोकताना कारागिराला शिंक आली आणि शेवटचा सात डावीकडे कलला. मग हा वेडावाकडा सात सगळ्या भागांवर सारखा दिसावा म्हणून त्याने बाकीचेही तसेच कललेले ठोकले! तपासनीस म्हणाला, "वाचता येतोय ना, मग झालं," आणि मुठीखाली आपला चांदणीचा शिक्का उमटवला. पुढे दुप्पट दारू भरून मला उडवून पाहिलं. फुटलो नाही, म्हणून नळीवर आणखी एक खूण मिळाली.

माझ्या पाठचा भाऊ आठ. आम्ही एकाच पेटीत निजलो आणि एकाच तुरुंगात पोचलो.

तिथे मी एका हवालदाराच्या कमरेला लागलो. माणूस अबोल, पण माझ्यावर जीव टाकायचा. आठ त्याच्या दोस्ताकडे होता. दोघं एका बाकावर बसून आम्हाला पुसत आणि इकडच्या तिकडच्या गप्पा हाणत.

एका उन्हाळ्यात तुरुंगाची विहीर आटली. घोटभर पाणी मिळेना, तेव्हा कैदी अंगणात येऊन बसले ते उठेचनात. साहेबांचा पारा चढला. "आत जात नसतील तर झाडा गोळ्या!" बंदूकधारी हे दोघंच, बाकीच्यांकडे काठ्या. हवालदाराने मला वर धरून चाप ओढला. मी हललो नाही. शेजारी आठचीही दातखीळ बसलेली. हत्यारंच चालेनात म्हटल्यावर साहेबांना कैद्यांशी बोलावं लागलं आणि दिवस मावळायच्या आत पाण्याची गाडी आली.

शस्त्राची निगा राखली नाही, असा ठपका दोघांवर आला. बढती गेली ती गेलीच. वर नाव पडलं 'गंजके हवालदार'. शाळेत त्यांच्या मुलालाही पोरं 'ए गंजक्या' म्हणून हाका मारत. हवालदाराने कधी कुणाला उलट उत्तर दिलं नाही. पुढे नवी हत्यारं आली, तेव्हा आम्हा निकामींना त्या दोघांच्याच हवाली करून टाकलं. मग मी ट्रंकेत.

हवालदार वारले आणि ट्रंक उघडली गेली.

"वितळवायला देऊन टाकू," थोरला मुलगा म्हणाला. "याच्यापायी आयुष्यभर मान खाली घातली."

धाकटी लेक इस्पितळात परिचारिका. "अरे, आधी हे कुठलं, कधीचं, ते तरी बघू."

"तुला ना, नसत्या चौकशा!"

"असू देत. थोडे दिवस थांब."

तिने मला वस्तुसंग्रहालयात नेलं. तिथल्या शस्त्रविभागाच्या प्रमुखांना सगळे भिंगवाले म्हणत, कारण भिंग त्यांच्या हातातून सुटायचंच नाही. चांदणी पाहिली, नळीवरची खूण पाहिली आणि कललेल्या सातापाशी येऊन ते खुलले. "शंभर नंबरी! असा लंगडा सात नकली करणाऱ्याला सुचायचाच नाही." मग चक्राकडे वळले आणि चेहरा पडला. "अरेरे, हे परकं आहे. शेवटी आठ आहे, आणि तोही सरळ. असं जोडकाम आम्ही ठेवत नाही."

संपलं, म्हटलं मी. आता भट्टी.

लेक मात्र जागची हलली नाही. "गंज कुठे दिसतोय का हो?"

"नावालाही नाही. छान राखलंय."

"मग अडकलं कशानं?"

त्यांनी चक्र फिरवून पाहिलं. ते अडलं. भिंगवाले सावरून बसले. "आठ म्हणजे याच्या लगेच पुढचा. एकाच पेटीतून गेले असणार. दुसरा कुणाकडे होता?"

तिने थेट भावाला फोन लावला.

दोस्त केव्हाच गेला होता, पण त्याची बायको होती. या भावंडांची काकू. आम्ही सगळे तिच्या घरी जमलो आणि तिने कपाटातून आठला काढलं. भिंगवाल्यांनी त्याच्या चक्रावर भिंग धरलं. तिथे माझा लंगडा सात.

"पुसताना अदलाबदल झाली असेल," ते म्हणाले.

काकू हसली. "झाली नाही हो, केली! हुकमाची कुणकुण सकाळीच लागली होती. नाही म्हटलं असतं तर हत्यारं दुसऱ्यांच्या हाती गेली असती. म्हणून बाकावर बसल्या बसल्या चक्रं बदलली."

"मग नंतर परत का नाही बदलली?" थोरल्याने विचारलं.

"मीही यांना हेच विचारलं. म्हणाले, पुन्हा तसाच हुकूम आला तर?"

"निदान मला तरी सांगायचं!"

"तू लहान होतास रे. कुणी चिडवलं असतं, तू रागाच्या भरात बोलून गेला असतास, मग?"

थोरल्याने मला उचललं. आजवर त्याने मला कधी हात लावला नव्हता. खिशातून रुमाल काढून तो माझी नळी पुसू लागला.

भिंगवाले हळूच म्हणाले, "आता चक्रं ज्याची त्याला देऊ. दोन्ही नग अस्सल होतील."

"हात लावू नका," थोरला म्हणाला. "आहेत तसेच अस्सल आहेत."

भिंगवाल्यांनी भिंग खाली ठेवलं आणि आम्हाला आहोत तसं घेतलं. आता आठ आणि मी काचेच्या कपाटात शेजारी पडून असतो. जाणकार येतात, वाकतात आणि "च्, क्रमांक जुळत नाही" म्हणून पुढे सरकतात.

तुम्ही तसं करू नका. जुन्या वस्तूवर न जुळणारी खूण दिसली तर ती घासून सारखी करायची घाई नको. ती तशी कुणी ठेवली आणि का, एवढं आधी विचारा.

त्या अंगणात बसलेल्यांची नातवंडं आज कुठे असतील, मला ठाऊक नाही. पण कुठेतरी असतील, एवढं मी छातीठोकपणे सांगतो.