वॉम्बॅटच्या कपाळावरचा अंगठा

माझा थोरला भाऊ क्लाइव्ह याने आयुष्यात एकच सिनेमा केला, तोही आमच्या सफरचंदांच्या शेडमध्ये. मातीचे वॉम्बॅट, म्हणजे आमच्याकडचे बिळात राहणारे गुबगुबीत प्राणी. बाप, आई, पोरं आणि बिळात शिरलेलं पुराचं पाणी. एक फोटो घ्यायचा, वॉम्बॅटला केसभर हलवायचं, पुन्हा फोटो. टास्मानियाच्या थंडीत माती दगड व्हायची, म्हणून क्लाइव्ह ती चहाच्या किटलीला लावून मऊ करायचा आणि तशाच हाताने बापाचं कपाळ दाबायचा. उठलेले ठसे पुसायचं काम माझ्या वहिनीचं, नोरीनचं. “हात पूस रे घाणेरड्या,” हे ती दिवसभर म्हणायची. त्याने जन्मात पुसले नाहीत. शेवटचा प्रसंग राहिला असताना तो गेला. हृदय. तो प्रसंग नोरीनने एकटीने पुरा केला, हात स्वच्छ धुऊन.

व्हिडिओ कॅसेटवर यातलं काहीच दिसत नसे. समोर वॉम्बॅट आहे की बटाटा, हेच सांगावं लागे. पोरं तरी बघायची.

आता इतक्या वर्षांनी मेलबर्नच्या एका कंपनीला तो हाय डेफिनिशनमध्ये, ब्लू-रे डिस्कवर काढायचा होता. त्यांचा लॅकलन नावाचा माणूस नमुना घेऊन आला आणि नोरीनच्या टीव्हीला जोडला. बाप पडदाभर आला. कपाळावर पुसूनही उरलेला अंगठा. करवत लागल्याची तिरकी खूण असलेला, क्लाइव्हचा. दर फोटोला ठसा जरासा सरकलेला, त्यामुळे बाप सारखा कसल्यातरी विचारात दिसत होता.

नोरीनच्या हातातला कप वाटेतच थांबला. ती रडली की नाही, सांगता येणार नाही. मी खिडकीबाहेर बघत होतो, कारण माझंच अवघड झालं होतं.

“काळजी करू नका,” लॅकलन म्हणाला. “हे डाग आम्ही संगणकावर पुसून टाकू.”

“हात तर लावून बघ,” नोरीन म्हणाली.

“पण गिऱ्हाईक म्हणेल, डिस्क खराब आहे.”

“म्हणू दे. बिस्किट घे.”

त्याने बिस्किट घेतलं आणि शेवटचा प्रसंग लावला. पूर ओसरलाय, बाप बिळाच्या दारात उभा आहे. कपाळ गुळगुळीत.

“बघा, इथे जुळतच नाही,” तो म्हणाला. “मग असं करू. आधीचा ठसा उचलून इथे बसवू. कुणाला पत्ताही लागणार नाही.”

नोरीनने कप खाली ठेवला. तिला ते फार हवं होतं, मला स्पष्ट दिसत होतं.

“करून टाक की गं,” मी म्हणालो. “शेवटपर्यंत राहील तो.”

“पुन्हा लाव,” ती लॅकलनला म्हणाली. त्याने लावला. तिने पुरता बघितला.

“नको,” ती म्हणाली. “क्लाइव्ह नव्हता त्या दिवशी.”

“पण ताळमेळ...”

“मी होते. ठसा एकही नव्हता, तरी पुसत बसले होते.”

डिस्क निघाली. होबार्टच्या एका वर्तमानपत्रात परीक्षण आलं: ‘चित्राचा दर्जा उत्तम, मातीचा कण न् कण दिसतो. शेवटच्या प्रसंगात मात्र काहीतरी बिघाड आहे. बाप दारात उभा असूनही घरात नसल्यासारखा वाटतो. अर्धा तारा कापला.’

माझं डोकं फिरलं. त्या शहाण्याला झापायला मी फोन उचलला. नोरीनने चष्मा लावून मजकूर पुन्हा वाचला.

“ठेव तो फोन, रॉस,” ती म्हणाली. “बरोबर बघितलंय त्याने.”